जुनी मोटार आणि पेट्रोलचा हिशेब



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांच्या दारांत जुनी मोटारगाडी उभी आहे, त्यांना तो तसा वाटणार नाहीं. वडिलांनीं हौसेनें घेतलेली, घरच्या लग्नकार्यांत फुलांनीं सजविलेली, पंढरपूर-कोल्हापूरच्या अनेक खेपा केलेली एखादी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर अजून कित्येक कुटुंबांत सांभाळलेली आढळते. ती विकावयास मन धजत नाहीं. आणि ठेवावी, तर महिनाअखेर पेट्रोलचा आंकडा पाहून निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या गृहस्थाच्या कपाळावर आठ्या पडतात. मग घरांत वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, "ही मोडींत घाला." दुसरा म्हणतो, "जुनी गाडी म्हटली कीं ती पेट्रोल पिणारच." हे दोन्ही पक्ष हिशेब न करतां बोलत असतात. तो हिशेब कसा करावा, आणि तो केल्यावर गाडीचें पिणें कितपत आटोक्यांत येतें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. माझा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला. तेव्हां बोलण्यांत मधूनमधून त्रैराशिक डोकावलें, तर श्रोत्यांनीं तें गोड मानून घ्यावें.

उदाहरणादाखल आपण पद्मिनीच डोळ्यांपुढें ठेवूं. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिच्या मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांत १९६४ च्या सुमारास इटालियन फियाटच्या नमुन्याची ही गाडी तयार होऊं लागली. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तिचें 'पद्मिनी' असें बारसें झालें, आणि या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनीं तिला पाहिलें. त्यांपैकीं शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. आतां जितक्या पद्मिनी चालतात, त्या बहुतेक घरगुती आहेत. १,०८९ घनसेंटिमीटरचें इंजिन, सुमारें नऊशें किलो वजन, चार गिअर आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण करणारा साधा कार्ब्युरेटर, असा तिचा सुटसुटीत संसार आहे. हल्लींच्या गाड्यांत हें मिश्रण विजेच्या यंत्रणेनें क्षणोक्षणीं तोलून दिलें जातें. पद्मिनींत तें जसें मिस्त्रीनें एकदां जुळविलें तसेंच राहतें. म्हणूनच तिच्यांत बिघाड सांचत जातात, आणि म्हणूनच ते साध्या हत्यारांनीं दूरही करतां येतात.

प्रथम एक गणित घालतों. एक गाडी लिटरला ८ किलोमीटर जाते. दुरुस्तीनंतर ती १० जाऊं लागली. दुसरी गाडी २० किलोमीटर जाते. ती २५ जाऊं लागली. अधिक पेट्रोल कोणाचें वांचलें? वर्गांत हा प्रश्न विचारला, तर चटपटीत विद्यार्थी ताबडतोब सांगेल, "दुसरीचें! पहिलीला दोन किलोमीटर वाढले, दुसरीला पांच." आतां शंभर किलोमीटरांचा प्रवास धरा. पहिल्या गाडीला पूर्वीं १२.५ लिटर पेट्रोल लागे, आतां १० लागतें. म्हणजे अडीच लिटर वांचलें. दुसरीला पूर्वीं ५ लिटर लागे, आतां ४ लागतें. म्हणजे एकच लिटर वांचलें. आपण 'गाडी ॲव्हरेज किती देते' असें विचारतों, आणि त्या प्रश्नानेंच आपली फसगत होते. 'शंभर किलोमीटरांस किती पेट्रोल लागतें' असें विचारूं लागलों, म्हणजे ध्यानांत येतें कीं गाडी जितकी उधळी, तितकी तिच्यांतील लहानशी सुधारणाही अधिक फळ देते. 'ही जुनी आहे, हिच्यावर कशाला श्रम घ्यावयाचे' असें म्हणणाऱ्यांनीं हें गणित अवश्य एकवार कागदावर करून पाहावें.

परंतु कोणत्याही सुधारणेपूर्वीं मापन हवें. टांकी कांठोकांठ भरावी आणि किलोमीटरचा आंकडा वहींत लिहावा. नेहमींप्रमाणें गाडी चालवावी. पुन्हां त्याच पंपावर, त्याच पातळीपर्यंत टांकी भरून, किती लिटर बसलें तें टिपावें. असें निदान तीन वेळां करून सरासरी काढावी. कारण एका वेळच्या मापांत पातळीचा थोडा फरक राहतोच. जुन्या गाडीचें मीटरही तपासलें पाहिजे. हमरस्त्यावरील दहा किलोमीटरांचे दगड मोजून मीटर काय दाखवितें तें पाहावें. मीटरच मागें पडत असेल, तर गाडी उगाच बदनाम होत असते. तसेंच सकाळीं गाडीखालीं डाग आहे काय, टांकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळींतून वास येतो काय, हेंही पाहावें. पेट्रोलची गळती हा केवळ खर्चाचा प्रश्न नव्हे. तिच्यांत आगीचें भय आहे.

आतां हें पेट्रोल जातें तरी कोठें? तें जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा साधारणपणें तीनचतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे हवेंत निघून जातो. हा तोटा या जातीच्या यंत्राला जन्मतःच लागलेला आहे. तो आपल्याला नाहींसा करतां येणार नाहीं. मात्र उरलेला जो थोडा भाग चाकांपर्यंत पोंचतो, त्यालाही वाटेंत चोर भेटतात. ते तीन ठिकाणीं सांपडतात: चाकांत, ज्वलनांत आणि चालविणाऱ्याच्या उजव्या पायांत.

चाकांपासून सुरुवात करूं. गाडी सपाट जागीं उभी करून, गिअर काढून, हातब्रेक सोडून ढकलून पाहावी. टायरांत हवा बरोबर असेल आणि ब्रेक मोकळे असतील, तर नऊशें किलोची ही गाडी एका धडधाकट माणसानें ढकलली असतां चालूं लागते. दोघांना घाम फुटत असेल, तर दोष शोधावा. टायरांतील हवा पंधरा दिवसांतून एकदां, गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना तपासावी. चारही टायरांत दहा पौंड हवा कमी असली, तर पेट्रोल सुमारें दोन टक्के अधिक जळतें; शिवाय टायर झिजतो आणि गाडीचा तोल बिघडतो तो निराळाच.

याहून मोठा चोर ब्रेकमध्यें बसतो. आमच्या आळींत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची वडिलोपार्जित पद्मिनी लिटरला आठ किलोमीटरही धड जात नव्हती. एका दुरुस्तीवाल्यानें 'इंजिन पुरतें उतरवावें लागेल' असें सांगून मोठ्या खर्चाचा आंकडा पुढें केला होता. गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, एवढे पैसे घालण्यापेक्षां भंगारवाल्याला बोलावतों झालें. पण वडिलांची गाडी आहे हो." मीं त्यांना प्रथम वही घालावयास लावली. मग एके सकाळीं आम्ही पांच-सहा किलोमीटर चक्कर मारून आलों, आणि फारसा ब्रेक न लावतां गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यभागीं हात नेऊन पाहिला. तीन चाकें कोमट होतीं; पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. ब्रेक लावून सोडल्यावर त्या चाकाचा ब्रेक सुटतच नव्हता. इंजिन बिचारें राबत होतें आणि ब्रेक तें राबणें खाऊन टाकीत होता. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, त्यांतलाच हा प्रकार. एका तरुण मिस्त्रीनें त्या चाकाचें ब्रेक-सिलिंडर बदललें. चोकची तार अडकून चोक अर्धवट ओढलेला राहत होता, तोही त्यानें मोकळा केला. पुढच्या तीन टांक्यांची सरासरी दहाच्या वर गेली. इंजिनाला हात लावावा लागला नाहीं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असें करण्यापूर्वीं चाकाला हात लावून पाहावयास कांहींच खर्च येत नाहीं.

दुसरें ठिकाण ज्वलनाचें. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. लिटरचें माप घेतलें, तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा, म्हणजे एखादी लहानशी न्हाणी भरून हवा हवी. ही हवा जेथून आंत येते तो एअर फिल्टर धुळीनें माखला, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जुन्या रचनेंत हवा कमी आणि पेट्रोल जास्त असें मिश्रण होतें. अडकलेल्या चोकनेंही तेंच घडतें. कार्ब्युरेटरमधील तरंगणारी डबी छिद्र पडून जड झाली किंवा तिची सुई झिजली, तरीही तेंच. अशा वेळीं प्लग काढून पाहावा. त्याचें टोंक बिस्किटाच्या रंगाचें असलें तर ज्वलन ठीक आहे. काजळीसारखें काळें असलें तर पेट्रोल वायां जात आहे. पांढरें फटक असलें तर पेट्रोल कमी पडून इंजिन अति तापत आहे. ठिणगी वेळेवर पडते कीं नाहीं, पॉइंटमधील अंतर पुस्तकांत दिल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें जाणत्या मिस्त्रीनें ठराविक काळानें पाहिलें पाहिजे. कारण पॉइंट झिजले कीं ठिणगीची वेळही आपोआप सरकते.

या बाबतींत एक उत्तम साधन आपल्या हातीं असतें, पण आपण तें वाचीत नाहीं. प्रदूषण-तपासणीचें जें प्रमाणपत्र मिळतें, त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आंकडा छापलेला असतो. हा वायु म्हणजे अर्धवट जळलेलें पेट्रोलच होय. पद्मिनीसारख्या जुन्या चारचाकी गाड्यांना याची मर्यादा ३ टक्के आहे. आपण 'पास' एवढें पाहून तो कागद गाडीच्या खणांत टाकून देतों. वास्तविक मागच्या वेळचा आंकडा आणि या वेळचा आंकडा शेजारीं ठेवून पाहावा. तो वाढत असेल, तर आपल्या पैशानें घेतलेलें पेट्रोल विषारी वायूच्या रूपानें आपल्याच गल्लींतील लहान मुलांच्या नाकांत जात आहे, असें समजावें. येथें काटकसर आणि शेजारधर्म हीं दोन्ही एकाच पेचकसानें साधतात.

आणखी एक गोष्ट. 'गाडी तापूं नये' म्हणून कांहीं मिस्त्री इंजिनाचें थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी योग्य तेवढें तापेपर्यंत तें रेडिएटरकडे जाऊं न देणारी झडप. ती काढल्यानें इंजिन फार वेळ थंड राहतें. थंड इंजिनांत पेट्रोल नीट उडत नाहीं, घट्ट वंगणानें घर्षण वाढतें आणि झीजही वाढते. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करावा, पाण्याचा पंप व पट्टा पाहावा. झडपेला शिक्षा करूं नये.

येथेंच पेट्रोलमधील बदलाचाही विचार केला पाहिजे. आपल्या देशांत २०२५ सालीं पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गांठला गेला. इथेनॉलच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश एवढीच उष्णता असते. त्रैराशिक सोपें आहे: पांचव्या भागांत एकतृतीयांश तूट, म्हणजे एकंदर सहा ते सात टक्के तूट. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतही, मुळांत शुद्ध पेट्रोलसाठीं बनविलेल्या चारचाकी गाड्यांबद्दल एवढाच अंदाज दिला आहे. तेव्हां पूर्वीं पंधरा जाणारी गाडी चौदा जाऊं लागली, तर इंजिनावर रागावूं नये. मात्र जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधील पडदे इथेनॉलनें लवकर खराब होतात. ते नव्या प्रकारच्या रबराचे बसवून घ्यावे आणि मिश्रणही पुन्हां जुळवून घ्यावें. इथेनॉल हवेंतील ओलावा ओढतें. म्हणून पावसाळ्यांत गाडी महिनोन् महिने अर्ध्या टांकीनिशीं उभी ठेवूं नये.

आतां तिसरें ठिकाण: चालविणाऱ्याचा पाय. येथील लाभ पूर्णपणें फुकटाचा आहे. ब्रेक लावणें म्हणजे पेट्रोल जाळून मिळविलेला वेग उष्णतेच्या रूपानें फेंकून देणें. पुढचा सिग्नल तांबडा दिसत असतां त्याच्याकडे धांवत जाऊन करकचून थांबण्यानें काय साधतें? दुरूनच पाय उचलावा. पुष्कळदां आपण पोंचेपर्यंत हिरवा दिवा लागतो. गिअर वेळेवर बदलावा. इंजिन ओरडेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्यें राहूं नये, आणि तें गचके खाईपर्यंत चौथ्यांतही ओढूं नये. वेगाविषयीं म्हणाल, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं ४० किलोमीटरांवर जो विरोध असतो, त्याच्या चौपट ८० वर होतो. १९७८ सालीं स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवावा असें सांगत आली आहे, तें याच कारणानें. टपावरील रिकामा कॅरिअर काढून ठेवावा. डिकींतील अडगळही काढावी. पन्नास किलो ओझ्यानें सुमारें एक टक्का पेट्रोल जास्त जळतें. रेल्वेचें फाटक बंद असतां, किंवा दारांत कोणाची वाट पाहतांना, इंजिन चालू ठेवूं नये. असें लहान इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जागच्या जागीं जाळतें. आणि गाडी सुरू केल्यानंतरचे पहिले दोन-तीन किलोमीटर सर्वांत महाग असतात. कोपऱ्यावरून दूध आणण्यासाठीं तिला झोंपेंतून उठविण्यापेक्षां आपणच पायीं जावें. दोन दिवसांचीं तीन कामें एका फेरींत उरकावीं.

काटकसरीच्या नांवाखालीं एक गोष्ट मात्र कधींही करूं नये. खंडाळ्याचा घाट उतरतांना कांहीं जण गिअर काढून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडून देतात. या गाड्यांचे ब्रेक ड्रमचे आहेत. सारा भार त्यांच्यावर पडला, कीं ते तापून धरेनासे होतात. घाटांत गाडी खालच्या गिअरमध्येंच उतरवावी. चार रुपयांचें पेट्रोल वांचविण्यासाठीं माणसें पणाला लावणें, याला हिशेब म्हणत नाहींत.

तसेंच पेट्रोलच्या नळीवर बांधावयाचे लोहचुंबक, टांकींत टाकावयाच्या गोळ्या आणि 'ॲव्हरेज दीडपट' करणाऱ्या डब्या यांपासून सावध राहावें. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें अशीं शंभराहून अधिक साधनें तपासलीं. त्यांपैकीं अगदीं थोड्यांचा, तोही किरकोळ, उपयोग दिसला. ज्या इंजिनांत चोक अडकला आहे, त्याला गोळी देऊन काय होणार?

शेवटीं मर्यादाही सांगितली पाहिजे. पद्मिनीची आजच्या नव्या गाडीशीं बरोबरी होणार नाहीं. महिन्याला तीनशें किलोमीटर फिरणारी गाडी ८ वरून १० वर आली, तर साडेसात लिटर वांचतें. लिटरला शंभर रुपये धरले, तर महिन्याचे साडेसातशें आणि वर्षाचे नऊ हजार. एवढ्यासाठीं ब्रेक, फिल्टर, प्लग आणि रबरी नळ्या यांवर चार-पांच हजार खर्च करणें शहाणपणाचें आहे, कारण तो खर्च सहा-सात महिन्यांत फिटतो. परंतु त्याच बचतीच्या आशेनें साठ हजारांचें इंजिन करणें म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. रोज चाळीस किलोमीटर जा-ये करणाऱ्यानें जुन्या गाडीचा मोह सोडावा, हेंच बरें. आठवड्यांतून दोनदां बाहेर पडणाऱ्या, पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन नोंदणी नवी करून घेणाऱ्या, नीट राखलेल्या गाडीला मात्र घरांत स्थान असण्यास हरकत नाहीं.

आमच्या त्या शेजाऱ्यांची पद्मिनी अजून त्यांच्या दारांत आहे. गाडी ठेवावी कीं काढावी, याचा निर्णय प्रत्येकानें आपापल्या घरीं करावा. तो करण्यापूर्वीं दोन महिने वही घालावी, चारही चाकांना हात लावून पाहावा, आणि प्रमाणपत्रावरचा तो लहानसा आंकडा वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. मोडींत घालावयाची झाली, तरी ती हिशेबानें घालावी. तिच्यावर खोटा आळ ठेवून घालूं नये.